बोटांना ठसे नसलेली बाई

"हात धुऊन ये," काकू म्हणाल्या. "साबणाने धू."

मी तिसऱ्यांदा धुऊन आले. सोसायटीच्या लॉबीत वॉचमनच्या टेबलावर हजेरीचं नवं यंत्र बसवलं होतं. काळी काच. तिच्यावर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला की बाई खरी. माझ्या अंगठ्याला लाल लागला. तर्जनीला लाल. मग डाव्या हाताची पाचही बोटं एकेक करून ठेवली. लाल.

मागे सहा-सात बाया रांगेत उभ्या होत्या. खुर्चीवर सोसायटीचा सेक्रेटरी. त्याच्या शेजारी चौकशी एजन्सीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मांचा गठ्ठा. काकूंचा मुलगा तन्मय क्लासला निघाला होता. दहावीत होता तेव्हा. तो थांबला. न विचारता त्याने माझा हात धरला, उलटा केला, बोटांवरून आपलं बोट फिरवलं.

"आई, हिच्या बोटांवर काहीच नाहीये. एकदम प्लेन. एलियन आहे ही."

त्याने मोबाईल काढून माझ्या बोटांचा फोटो घेतला. मित्रांना दाखवायला. सेक्रेटरी हसला. रांगेतल्या दोघी हसल्या. हसल्या नाहीत त्या काकू.

"ठसे कोणी मुद्दाम घालवतं का हो?" त्यांनी एजन्सीवाल्याला विचारलं. मी तिथे नसल्यासारखं.

"घालवतात ना मॅडम. काहीतरी करून आलेले लोक घालवतात."

मी काही करून आले नव्हते. सात वर्षं काजू फोडून आले होते. काजूच्या टरफलातलं तेल हात जाळतं. कातडी सोलवटते, नवी येते, ती पण सोलवटते. राख लावा, गोडेतेल लावा, काही उपयोग नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी बोटांची टोकं गुळगुळीत होतात. आमच्या कारखान्यातल्या सगळ्या बायांची अशीच होती. गावात आम्हाला त्यात नवल वाटायचं नाही. हे मी लॉबीत सांगितलं.

"काजूने ठसे जातात?" काकू म्हणाल्या. "आम्ही काय काजू खात नाही का?"

आता रांगेतल्या सगळ्याच हसल्या.

मी मुंबईत येऊन वीस दिवस झाले होते. नवरा वारलेला. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी मावशीच्या खोलीत राहत होते. काकूंचं काम मावशीनेच मिळवून दिलं होतं. तेवढ्या ओळखीवर काकूंचं भागत होतं. पण सोसायटीने नियम काढला. बाहेरून नवीन आलेली प्रत्येक बाई, प्रत्येक ड्रायव्हर, प्रत्येक वॉचमन, सगळ्यांची चौकशी होणार. नियम चुकीचा नव्हता. मी आज त्याच धंद्यात आहे, म्हणून सांगते. चुकीचं होतं ते पुढे झालं ते.

"गावचा पोलीस पाटील कोण?" एजन्सीवाल्याने विचारलं.

नाव मीच सांगितलं. नंबरही मीच दिला. सरकारने नेमलेला माणूस आहे, खरं सांगेल, असं मला वाटलं. तो काजू कारखान्याच्या मालकाचा सख्खा भाऊ होता. मी त्या कारखान्यात हातमोजे मागितले होते. एकटीने नाही, अकरा जणींच्या सह्या घेऊन. त्यावरून मला काढलं होतं. हे सगळं माहीत असून मी नंबर दिला. तेवढी मी खुळी होते.

एजन्सीवाल्याने फोन स्पीकरवर ठेवला. त्याला एका हाताने लिहायचं होतं, दुसरं काही कारण नाही. पोलीस पाटलाचा आवाज लॉबीभर झाला.

"तां होय? आमच्या गावातला, पण वाडयेतला न्हय. खालच्या बौद्धवाडीतला. तोंडाचा फटकळ. मालकावांगडा भांडान गेला थंयसून. नजर ठेया तेच्यार."

एजन्सीवाल्याने फोन ठेवला आणि लिहिलं. दोन मिनिटं लागली असतील. माझी सात वर्षं, माझा नवरा, माझी बारावी, माझे हात, सगळं दोन मिनिटांत उरकलं.

काकूंनी मला कामावरून काढलं नाही. दुसरी बाई मिळत नव्हती. त्यांनी फक्त काही गोष्टी बदलल्या. माझा कप सिंकखाली गेला, फिनाईलच्या बाटलीशेजारी. देवघराचा केर त्या स्वतः काढू लागल्या. आणि निघताना पिशवी दाखवायची. रोज. दारात.

गेटजवळच्या फलकावर सगळ्या बायांच्या चौकशीचे कागद लागले. फोटो, नाव, शेरा. बाकीच्यांच्या कागदावर हिरवा शिक्का. माझ्यावर लाल. खाली टाईप केलेलं: "स्वभाव भांडखोर. पूर्वीच्या मालकाशी वाद. ठसे उपलब्ध नाहीत. देखरेखीखाली ठेवावे." येणारे-जाणारे वाचायचे. कुरिअरवाला वाचायचा. इस्त्रीवाला वाचायचा.

मी तीन महिने काढले. त्या तीन महिन्यांत एका रविवारी काका आणि काकू मला चारकोपला घेऊन गेले. काकांचा तिथे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा होता. बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनायची. धंदा बसला होता. मशीन विकून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी गाळा भाड्याने जायचा होता. झाडून मीच काढला. काकांच्या कंपनीच्या लेटरहेडचे गठ्ठे निघाले, आठ का नऊ. वर कोपऱ्यात बाटलीच्या झाकणाचं चित्र, खाली चारकोपचा पत्ता. मी म्हटलं, रद्दीत देऊ? काकू म्हणाल्या, "कागद जाड आहे. कशाला फुकट घालवायचा? यादी करायला होईल." ते गठ्ठे मी खोक्यात भरले, मुलुंडला आणले आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकले. हे लक्षात ठेवा.

मग तो दिवस. काम संपवून मी दारात पिशवी घेऊन उभी. काकू आंघोळीला गेल्या होत्या. आतून ओरडल्या, "तन्मय, तिची पिशवी बघ रे."

तन्मय आला. कानात गाणी. त्याने पिशवीत हात घातला, माझा डबा काढला, उघडला, वास घेतला. "ई. सुकट आहे." डबा तसाच उघडा चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि परत हात घातला.

मी पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली. उलटी केली. डबा, रुमाल, कंगवा, औषधाची पट्टी, सगळं फरशीवर पडलं. काकू ओले केस बांधत बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

"माझी पिशवी बघून घ्या," मी म्हटलं. "आता तुमची दाखवा."

"काय?"

"तुमची पर्स. मी पण या घरात तीन महिने येते. तुम्ही कोण आहात, मला पण कळलं पाहिजे."

त्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोलीस पाटलाने जे स्पीकरवर सांगितलं होतं, त्यातलाच एक शब्द होता, वाडीचा. मी वस्तू गोळा केल्या. खाली आले. फलकावरचा माझा कागद टाचण्यांसकट उपटला. वॉचमन म्हणाला, "अगं, ते सोसायटीचं आहे." मी म्हटलं, "फोटो माझा आहे."

संध्याकाळी मावशीने डोक्याला हात लावला. "काम सोडलंस? मगे आता काय, कलेक्टर होतलस?"

कागदाच्या तळाला बारीक अक्षरात एजन्सीचा पत्ता होता. अंधेरी पूर्व, एमआयडीसी. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. भांडायला गेले होते, दुसरा हेतू नव्हता. मॅनेजरच्या टेबलावर कागद ठेवला.

"तुम्ही एकाच माणसाला विचारलंत. तो मालकाचा भाऊ. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीला तरी विचारलंत? कारखान्यातली हजेरी मागवलीत? माझा बारावीचा दाखला बघितलात?"

मॅनेजरने कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "बारावी झालीये तुमची?"

"हो."

"फील्डवर काम कराल का? आम्हाला बायका पाहिजेत. दुपारी घरात बाईच असते. आमच्या पोरांना दार उघडत नाही."

भांडायला गेले आणि नोकरी घेऊन आले. बारा वर्षं झाली.

हे काम असं असतं. परदेशातल्या कंपन्या आपल्याकडून गेलेल्या माणसाला कामावर घेतात, पण नोकरी पक्की करण्याआधी मागची चौकशी लावतात. तो तिकडे नुकता उतरलेला असतो. घर भाड्याचं, ओळखी नाहीत, सगळा जीव त्या एका होकारावर टांगलेला. त्याने लिहिलेला प्रत्येक पत्ता, प्रत्येक पदवी, प्रत्येक जुनी नोकरी इथे कुणीतरी पायी जाऊन बघावी लागते. ते कुणीतरी म्हणजे माझ्यासारखी. दाराचा फोटो काढायचा, त्यात जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. घरच्यांची सही घ्यायची. दोन शेजाऱ्यांना विचारायचं. जुन्या ऑफिसात जायचं. मग शेरा. हिरवा, पिवळा, लाल.

आमच्या ऑफिसच्या दारालाही अंगठ्याचं यंत्र आहे. मला वेगळं कार्ड दिलंय.

गेल्या वर्षी सकाळी यादी उघडली आणि तन्मयचं नाव दिसलं. मुक्काम कॅनडा, चार महिने झालेले. कंपनीला मुलुंडचा पत्ता आणि मागच्या नोकरीचा दाखला तपासून हवा होता. दाखला उघडला. कोपऱ्यात बाटलीच्या झाकणाचं चित्र. स्कॅनमध्येही कागदाच्या कडा पिवळ्या दिसत होत्या. "श्री. तन्मय आमच्या कंपनीत सलग तीन वर्षे उत्पादन व्यवस्थापक म्हणून कार्यरत होते." तीन वर्षं अलीकडची. पत्ता चारकोपचा, तोच गाळा. खाली सही काकांची.

तो कागद मीच माळ्यावर टाकला होता. इतक्या वर्षांनी तो काढून पोराच्या आयुष्याची खोटी साक्ष छापली. दुसरा पत्ता घालून नवं लेटरहेड छापून घेतलं असतं तर कदाचित मला काही कळलं नसतं. पण कागद जाड होता ना. कशाला फुकट घालवायचा.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: उमेदवाराशी परिचय आहे का? असेल तर केस दुसऱ्याला द्यायची. मी "नाही" लिहिलं. हे मी लपवत नाही. ते खोटं होतं आणि मी ते जाणूनबुजून लिहिलं.

मुलुंडला गेले. तेच गेट, नवा वॉचमन. लिफ्ट, सातवा मजला. दार काकूंनी उघडलं. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. माझ्या गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, अंगावर इस्त्रीचा कुर्ता.

"या मॅडम, या. तन्मयने कळवलं होतं. बसा ना. चहा घेणार ना? आलं घालू?"

ओळखलं नाही. तीन महिने रोज माझी पिशवी बघितली होती, चेहरा कधी बघितला नसावा.

चहा आला. सोनेरी कडेचा कप, बशी, बशीत दोन खारी. तो कप मी घासलेला होता. त्याच्या कानाला टवका गेला होता, तो अजून तसाच होता. मी चहा घेतला. सगळा.

"काय करत होता तन्मय, जाण्याआधी?"

"यांच्याच कंपनीत. चारकोपला. सगळा कारभार तोच बघायचा."

"रोज जायचा?"

"रोज. अगदी नऊच्या ठोक्याला."

काका पेपरमागून म्हणाले, "लिहिलंय ना सगळं दाखल्यात."

मी लिहून घेतलं. शब्द न शब्द. काकूंना सही करायला लावली. मग म्हटलं, "आता शेजाऱ्यांना विचारायचंय."

काकूंचा चेहरा उतरला. "शेजाऱ्यांना? आमच्याबद्दल? अहो, आम्ही पहिल्यापासून आहोत या बिल्डिंगमध्ये."

"नियम आहे."

"पण लोक काय म्हणतील? काय केलंय म्हणून चौकशीला माणूस आलं, असंच वाटणार ना त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "तसंच वाटतं."

समोरच्या दारात निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचं आणि काकांचं पार्किंगवरून वैर. वॉचमनने मला खालीच सांगितलं होतं. मी मुद्दाम तीच बेल दाबली. काकू आपल्या दारात उभ्या होत्या, आत जात नव्हत्या.

"तन्मयबद्दल?" गृहस्थ खुलले. "विचारा, विचारा. कुठून सुरू करू? आधी खुर्ची आणतो."

त्यांनी अर्धा तास घेतला. पोरगा उद्धट, बाप लबाड, आई नाकाने कांदे सोलणारी. कुठे कुठे भांडले, कुणाच्या गाडीला ओरखडा काढला. माझ्या हातात टॅब होता. मी एवढंच लिहिलं असतं: स्वभाव भांडखोर, शेजाऱ्यांशी वाद. माझ्याबद्दल जसं वैर असलेल्या माणसाला विचारलं होतं, तसाच माणूस मी त्यांच्यासाठी निवडला होता. दारातून काकू ऐकत होत्या, आणि स्पीकरवर आपलं आयुष्य ऐकताना कसं वाटतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला ते बघायचं होतं. पोटभर बघितलं.

पण त्यातलं अक्षरही मी अहवालात घातलं नाही. दया आली म्हणून नाही. शेजाऱ्याचं बोलणं पुसता येतं, त्याचं वैर आहे म्हणता येतं. मला पुसता न येणारं हवं होतं. मी पहिल्या मजल्यावर दुसऱ्या दोन घरी विचारलं, पत्ता बरोबर असल्याची नोंद केली आणि चारकोपला गेले.

गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनत होती. मालक गुजराती, भला माणूस. "झाकणवाले? ते तर कधीच गेले बेन. अकरा वर्षं मीच भाड्याने आहे." त्याने भाडेकरार दाखवला. इस्टेटच्या ऑफिसात गाळेधारकांची वही होती, तिच्यात तेच. मी करार, वही आणि गाळ्याची पाटी, तिन्हींचे फोटो काढले. माझी आठवण कुठेच वापरली नाही. लागली नाही.

त्याच दुपारी अहवाल गेला. नोकरीचा दाखला: विसंगती. शेरा: लाल.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "मॅडम, जरा बघा ना. तिकडे त्याला थांबवून ठेवलंय. पोराचं करिअर आहे हो. गाळा नसला तरी कंपनी कागदावर आहे ना."

"काका," मी म्हटलं, "माझ्या बोटांना ठसे नाहीत. आठवतं?"

पलीकडे काकूंनी फोन घेतला. आता मॅडम नव्हते मी.

"तू होय. अगं, तेव्हा तो सोसायटीचा नियम होता. आम्ही कुठे काय केलं? तीन महिने ठेवलं ना तुला कामाला? तन्मय लहान होता गं."

"फोटो काढण्याएवढा मोठा होता."

"सूड घेतेस?"

"हो," मी म्हटलं. "पण खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. तुमच्याच कागदावर तुमचीच सही आहे."

काकांनी ऑफिसात तक्रार केली. मॅनेजरने बोलावलं. तोच मॅनेजर, आता पोट सुटलेला.

"ताई, वाट लावलीत तुम्ही. ओळख होती तर रकान्यात 'नाही' असं का लिहिलंत?"

"चुकलं," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. परत बघून येऊ दे."

त्याने दुसऱ्याला पाठवलं. त्याला पण खोकीच दिसली. शेरा तोच राहिला. तन्मयची ती नोकरी गेली. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली, परिचय लपवल्याबद्दल. ती मी मुकाट घेतली, कारण ती खरी होती. घरी टाचण्यांची भोकं असलेला तो जुना कागद आहे, त्याच फाईलमध्ये ताकीद ठेवली.

ऑफिसात लोक विचारतात, मन शांत झालं का? नाही झालं. शांत व्हायला मी गेले नव्हते.

त्यानंतर मी मॅनेजरला सांगितलं, आपल्याकडे अजून बायांच्या, वॉचमनच्या चौकशा येतात, त्यातली एकही यापुढे गावातल्या एका फोनवर मी संपवणार नाही. जमत नसेल तर मला काढा. अजून काढलेलं नाही. बाईच्या बरोबरीने काम केलेल्या दोघींना तरी मी विचारते, आणि सांगणाऱ्याचं वैर काय ते आधी शोधते. याला वेळ लागतो. लागू दे.

आणि तो रकाना. मुलुंडची, बोरिवलीची, घाटकोपरची अशी बरीच दारं आहेत, जिथे मी किंवा माझ्यासारखी कुणी पिशवी उघडून उभी राहिलीय. त्यांची मुलं आता परदेशी उतरतायत. नावं येणार. आता मी "नाही" लिहिणार नाही. लिहीन: परिचय आहे, या घरी मी भांडी घासलीत. मग केस काढून घ्यायची तर घ्या, दुसऱ्याला द्या. पण दुसरा जाईल तेव्हा कुठलं शटर वाजवायचं आणि कुठली वही उघडायची, ते त्याला मी सांगून पाठवीन. आणि खाली अंगठा नाही, सही करीन. पूर्ण नावाने.